भजनाला बसलेला बँड

हैदराबादला जाऊन आले म्हटल्यावर मिरजेत जो तो बिर्याणीचं विचारतो. मी बिर्याणी खात नाही. मोती घेतले नाहीत, कारण या वयात ते घालून मिरवायचं कुठं? चारमिनार रिक्षातून ओझरता पाहिला, तोही रिक्षावाल्याने हात करून दाखवला म्हणून. ज्यांना या तीन गोष्टींबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण शोधावं. मी गेले होते माझ्या भाचीचा पियानो ऐकायला, आणि तिथं जे पाहिलं ते कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

केतकी म्हणजे माझ्या मामेभावाची, अनंताची मुलगी. माझं आजोळ नांदेडकडचं, शेतकरी घर. मामा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि अंबरपेठेत राहिला तो कायमचाच. त्याच्या नातीने जॅझ वाजवावं हे आमच्या खानदानात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जॅझ म्हणजे काय ते मला तिनेच फोनवर समजावलं होतं. एक चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने ती आपल्या मनाने फुलवायची, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांनी एकत्र यायचं. ती पियानो वाजवते आणि शिवाय अरेंजर आहे, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं हे ठरवून देते. हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगसाठी दुसऱ्यांच्या नावावर लिहून दिलं, चर्चच्या शाळेत मुलांना शिकवलं, आणि पंचविशीच्या आत स्वतःचा बँड उभा केला. आम्ही त्या वयात पेटीची पट्टी कोणती धरायची हे गुरुजींना विचारायला घाबरत होतो.

"आत्या, शनिवारी आमचा प्रोग्रॅम आहे," तिचा फोन आला. "मुंबईहून एक बँडमास्टर ऐकायला येतायत. सोळा जणांचा बँड आहे त्यांचा. त्यांना अरेंजर पाहिजे. माझं पसंत पडलं तर मी त्यांच्यासाठी लिहिणार. तू ये ना."

"मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच ये. नाही कळलं तर नाही कळलं म्हणशील. बाकी सगळे 'सुपर, सुपर' करतात."

असं बोलावणं आल्यावर कोण थांबेल?

अंबरपेठ, बुधवार

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्टेशनवर अनंता हजर होता. "हल्लू उतर, ताई, हल्लू. परेशान नको होऊ, सामान मी घेतो की," म्हणत त्याने माझ्या हातातली पिशवी ओढली. हैदराबादच्या मराठीत अर्धे शब्द दखनी उर्दूचे आणि पाव तेलुगूचे. पहिल्या दिवशी माझ्यातली शिक्षिका प्रत्येक वाक्याला लाल शाईचं पेन काढत होती. दुसऱ्या दिवशी मीच भाजीवाल्याला 'हो'च्या जागी "हौ" म्हणून आले.

शैलावहिनी मूळच्या बिदरच्या. त्यांनी जेवायला अंबाडीची भाजी केली होती. आमच्याकडे अंबाडीत कण्या घालून वर लसणाची फोडणी देतात आणि गरीब माणसाची भाजी म्हणून नाक मुरडत खातात. इथं तिला गोंगुरा म्हणतात आणि तिचा थाट पाहण्यासारखा. भाजी, वरण, शिवाय लोणचं. मी लोणचं भाजीच समजून वाटीभर वाढून घेतलं आणि पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी काढलं.

"वन्सं, तसं नाही खायाचं, थोडं थोडं घ्यायाचं असतंय!" वहिनी दह्याचं भांडं घेऊन धावल्या. "पेरुगु घ्या, पेरुगु!"

केतकी जेवायला नव्हती. ती संध्याकाळी आली ती कानात वायरी घातलेली, मधूनच बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवणारी. मला कडकडून मिठी मारली आणि दुसऱ्या क्षणी कुणाला तरी फोनवर दखनीत सांगू लागली, "सत्तारभाई, कल जुमेरात है, अम्मा के पीछे बैठना मत भूलो." जुमेरात म्हणजे गुरुवार एवढं मला कळलं, बाकी काही नाही.

कोठी, गुरुवार सकाळ

अनंताचं कोठीत जुन्या वैद्यकीय पुस्तकांचं दुकान आहे. डॉक्टर होऊ पाहणारी पोरं-पोरी तिथं येऊन हाडांची आणि नसांची जाड पुस्तकं घासाघीस करून घेऊन जातात. फुटपाथवर पुस्तकांचे ढीग, वर दवाखान्यांच्या पाट्या, मधून बस आणि रिक्षांची रेटारेटी. मला हा भाग फार आवडला. आमच्या मिरजेतही दवाखाने उदंड आणि पुस्तकंही मिळतात, पण इथला गलका काही औरच.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एक स्टूल आहे. शाळा सुटल्यावर केतकी तिथं बसायची आणि मांडीवर पेटी घेऊन वाजवायची. गिऱ्हाईक आलं की अनंता म्हणायचा, "बेटा, दोन मिनिटं." पुढं सिकंदराबादच्या एका चर्चमधल्या बाईंनी तिला पियानोवर बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी अनंताला बोलावून विचारलं, "ही मुलगी कोणतंही गाणं कोणत्याही पट्टीतून वाजवते. हे तिला कोणी शिकवलं?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हणालो, भजनी मंडळानं," अनंता म्हणाला. तो हसत होता, पण गंमत म्हणून सांगत नव्हता. ते का, हे मला संध्याकाळी कळलं.

अंबरपेठ, गुरुवार संध्याकाळ

अंबरपेठेतल्या मराठी बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी एका घराच्या हॉलमध्ये जमतं. दत्ताची तसबीर, समोर समई, पेटीवर केतकी. लहानपणापासून तीच वाजवते. हॉटेलात वाजवायला लागली तरी गुरुवार तिने सोडलेला नाही.

आता स्पष्टच लिहिते. त्या बायका भयंकर गातात. म्हणजे भाव आहे, पाठांतर आहे, पण पट्टी म्हणून काही नाहीच. कमलाबाई सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचा आवाज ढाला, म्हणजे जाड आणि खालच्या पट्टीतला, आणि त्या नेहमी पाऊलभर मागे. सगळ्यांची ओळ संपली की त्यांची संपते. शकुंतलाबाईंचा सूर टिपेचा, आणि त्या सगळ्यांच्या आधी पोचतात. प्रत्येक अभंग वेगळीने उचलायचा आणि जिने उचलला तिच्या पट्टीत केतकीने पेटी नेऊन ठेवायची, तेही पहिला शब्द संपायच्या आत. मध्येच दुसरीने आपल्या सुरात तोंड घातलं की पेटी तिच्याकडेही वळायची. मी जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, पण अशी साथ मी पाहिली नाही. साथ चोख आणि गाणं असं, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली.

गच्चीबावलीकडून येणारी एक पुण्याची तरुण सून होती, आयटीतली. तिने फोनवर तंबोरा लावला आणि गोड आवाजात म्हणाली, "आपण सगळ्याच जणी काळी एकमध्ये गाऊ या का?" मला तिला तिथल्या तिथं बक्षीस द्यावंसं वाटलं. बायका हो म्हणाल्या, तंबोऱ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि आपापल्या पट्टीत गाऊ लागल्या.

पण मला खरं नवल वाटलं ते मागच्या भिंतीचं. तिथं चार पुरुष मांडी घालून बसले होते. एकाची दाढी मेंदीने रंगवलेली, बाकीचे तरुण. प्रत्येक जण एकेका बाईच्या बरोबर मागे. टाळ वाजवत नव्हते, गात नव्हते, नुसते ऐकत होते. मेंदीवाले गृहस्थ कमलाबाईंच्या मागे होते आणि कमलाबाईंनी श्वास घेतला की त्यांचीही छाती वर होत होती.

"हे कोण?" मी शेजारच्या शकुंतलाबाईंना विचारलं.

"केतकीच्या बँडातले हाईत. लग्नात वाजवतात. दोन-अडीच महिने झाले, दर गुरुवारी येतात बिचारे. शिरा आवडतो त्यांना."

शिरा खरोखर चांगला होता, म्हणून माझाही विश्वास बसला.

निघताना बायकांनी मला घेरलं. शनिवारी सगळ्या जणी कार्यक्रमाला येणार होत्या आणि त्यांना काळजी होती ती रीतीची. तिथं टाळ्या कधी वाजवायच्या? मी ते केतकीला आधीच विचारून ठेवलं होतं. "एकेकाचं वाजवून झालं की मध्येच टाळ्या द्यायच्या, आत्या. ओरडलं तरी चालतं, उलट आवडतं," असं ती म्हणाली होती. मी तेवढंच सांगून गप्प बसायला हवं होतं. पण मी पडले मिरजेची, संगीत नाटकं पाहत वाढलेली. मी वर म्हणाले, "आपल्या नाटकासारखंच समजा."

बायकांचे चेहरे खुलले. नाटक त्यांना माहीत होतं.

मलकपेठ, शुक्रवार

तालीम मलकपेठला, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला. लग्नाच्या बँडचं ऑफिस खाली आणि वर एक मोठी खोली. जिन्यात वरातीत डोक्यावर धरायचे दिवे रचून ठेवलेले, खुंट्यांवर लाल कोट, आणि एका भिंतीवर नवरदेवाच्या घोड्याचा फोटो. मेंदीच्या दाढीचे सत्तारभाई इथले उस्ताद. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला, वर उस्मानिया बिस्किटं. "आप बच्ची की फुप्पी है, हमारी भी फुप्पी," म्हणाले. फुप्पी म्हणजे आत्या, आणि ते माझ्याहून वयाने मोठेच असतील.

सत्तारभाई ट्रंपेट वाजवतात. बाकी तिघांकडे क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ते मोठ्या पोटाचं युफोनियम. ड्रम आणि बेस गिटारवर केतकीचे मित्र. वरातीतल्या या चौघांना कागदावरचे स्वर वाचता येत नाहीत. केतकी गाऊन दाखवते, फोनवर पाठवते, हाताने सांगते. मी हात बांधून बसले. पहिले दोन तुकडे झणझणीत होते. मला कळले असं म्हणणार नाही, पण माझा पाय खाली ठेका धरत होता आणि मी त्याला थांबवलं नाही.

मग तिने मोठा तुकडा काढला. त्याचे तीन भाग. पहिला आणि तिसरा वेगाचे, सगळी पितळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी. मुंबईच्या बँडमास्तरांनी खास निरोप धाडला होता की मला तुझं वेगाचं, भरलेलं काम ऐकायचंय. ते हेच. आणि दोन्हींच्या मध्ये एक संथ भाग.

तो सुरू झाला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. ट्रंपेट ढाला लागत होता. क्लॅरिनेट घाई करत होता. चौघं एकच चाल वाजवत होते, पण चौघं चार ठिकाणी. "अगं, सूर!" असं मी म्हणणार एवढ्यात ट्रंपेटने श्वास घेतला, ओळ संपल्यावर, सगळ्यांच्या मागून, आणि मी खुर्चीत ताठ झाले. या कमलाबाई होत्या. क्लॅरिनेट शकुंतलाबाई. काल संध्याकाळचा तो अख्खा हॉल या पितळी नळ्यांतून बाहेर येत होता. आणि त्या सुरांच्या खालून केतकी कीबोर्डवर असे स्वर जोडून ठेवत होती की प्रत्येकीच्या सुराला टेकायला जागा मिळत होती. काल ज्याला मी बेसूर म्हणत होते ते सगळं तिथं नीट बसलं होतं.

मला रडू आलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. शाळेत किती मुलींना मी "तू नुसते ओठ हलव" म्हणून मागच्या रांगेत उभं केलं असेल, त्या सगळ्या मला समोर दिसायला लागल्या.

"म्हणून यांना भजनाला बसवलंस?" तालीम संपल्यावर मी विचारलं.

"प्रत्येकाला एक-एक बाई वाटून दिली. सांगितलं, चाल नको शिकू, माणूस शिक. गाऊन दाखवून नसतं आलं ते, आत्या. नुसती चाल शिकवली असती तर यांनी सुरात वाजवलं असतं."

"बायकांना माहितीये?"

"अजिबात नाही." ती पहिल्यांदाच जरा कावरीबावरी झाली. "त्यांना वाईट वाटलं तर? चिडवतेय असं वाटलं तर? पण मला जे काही येतं ते यांच्यामुळे येतं, आणि उद्या नाही ऐकवलं तर कधी ऐकवणार?"

मी मनात नवस बोलले. नवस सांगायचा नसतो, म्हणून लिहीत नाही.

शनिवार

कार्यक्रम सिकंदराबादच्या एका हॉलमध्ये, संध्याकाळी. तीन बँड होते, केतकीचा मधला, आणि प्रत्येकाला जेमतेम पाऊण तास. तरुण पोरं-पोरी, काळे कपडे, हातात कागदी पेले. त्यात आमच्या बायका आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यात गजरे, पिशवीत चकल्यांचा डबा. सगळ्यांनी मिळून दोन रांगा भरल्या. मुंबईचे बँडमास्तर पुढं बसले होते. गोव्याकडचे, पांढऱ्या केसांचे, गंभीर चेहऱ्याचे.

पहिला तुकडा सुरू झाला. सत्तारभाई लाल कोट घालून पुढं आले, ट्रंपेट उचलला आणि असं काही वाजवलं की टाळ्यांचा कडकडाट झाला. इथवर सगळं रीतीप्रमाणे. आणि मग शकुंतलाबाई उभ्या राहिल्या आणि आपल्या टिपेच्या सुरात ओरडल्या, "वन्स मोअर!"

मागोमाग दोन्ही रांगा. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

जॅझमध्ये हे नसतं. जे मनाने फुलवलं ते तेवढंच, ते पुन्हा कसं वाजवणार? कसलेला जॅझवाला असता तर हसून पुढं गेला असता. पण सत्तारभाईंची हयात वरातीत गेलेली. नवरदेवाच्या मामाने फर्माईश केली की घोडा जागच्या जागी उभा राहतो आणि बँड पुन्हा वाजवतो, हा त्यांचा धर्म. त्यांनी कमरेत वाकून सलाम केला आणि पुन्हा सुरुवात केली, आधीच्या दुप्पट लांब.

मग क्लॅरिनेटची पाळी आली. तो चांगला वाजवतो, पण ट्रंपेटइतका नाही. मला वाटलं, सुटलो. "त्यालाबी द्या गं," माझ्या मागून कमलाबाईंचा आवाज आला. "एकाला दिलं, दुसऱ्याला नाही, बिचाऱ्याला कसं वाटंल?" झालं! क्लॅरिनेटला वन्स मोअर. सॅक्सोफोनला वन्स मोअर. युफोनियमला तर दोनदा, कारण तो सगळ्यांत लहानखुरा आणि वाद्य एवढं मोठं. काळ्या कपड्यांतल्या पोरांना काय चाललंय ते कळेना, पण मजा वाटली आणि तीही ओरडू लागली. मी उठून दोन्ही हातांनी "बास, बास" करत होते. बायकांना वाटलं मी त्यांना चढवतेय.

केतकी हसत होती, पण तिची नजर पुन्हा पुन्हा पडद्याच्या कडेला जात होती. तिथं आयोजकांपैकी एक मुलगी घड्याळ दाखवत होती. दुसरा तुकडाही असाच लांबला, आणि मग त्या मुलीने एक बोट वर केलं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने 'छोटंसं' असं दाखवलं.

मोठा तुकडा आता बसत नव्हता. तिन्ही भागांतला एकच वाजवता आला असता. बँडमास्तरांना काय हवं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांची परतीची गाडी होती. केतकीने महिनोन्‌महिने घासून तयार केलेलं काम आमच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवून घालवलं होतं, आणि बायकांना तसं करायला सांगणारी मी होते. जमीन दुभंगावी असं वाटलं.

केतकीने बँडकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलली. सत्तारभाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी बँडमास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. मग पियानोवर तिने हलकेच तो स्वर धरला, गुरुवारी पेटीवर धरते तो.

तिने मधला भाग घेतला होता.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शकुंतलाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "अगं, ही आपली चाल!" थोड्या वेळाने, "अगं, हा तर मी! बघ कसा पळतोय मेला!" तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. रांगेत हसू पसरलं. "ही कमला, ही कमला!" सगळ्या माना कमलाबाईंकडे वळल्या.

कमलाबाई हसत नव्हत्या. हात मांडीवर, डोळे ट्रंपेटवर. ओळ संपली, सगळे पोचले, आणि नेहमीप्रमाणे मागून एकटा ट्रंपेट आला. केतकी पियानोवर त्याच्यासाठी थांबली होती. सगळेच थांबले होते. तो आल्यावरच पुढची ओळ सुरू झाली. दुसऱ्या ओळीलाही तसंच. तेव्हा कमलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "थांबतात की गं माझ्यासाठी."

संपलं तेव्हा आमच्या रांगांतून कुणीही ओरडलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कमलाबाई थेट सत्तारभाईंकडे गेल्या. "तुम्ही माझ्या मागं ह्याच्यासाठी बसत होता?"

"हौ अम्मा."

"मला वाटलं शिऱ्यासाठी."

"शिरा भी अच्छाच था, अम्मा," सत्तारभाई म्हणाले आणि दोघंही हसत सुटले.

मागे उभं राहून हे ऐकत असलेले बँडमास्तर पुढं आले. मी केतकीच्या शेजारी उभी होते.

"मी वेगाचं मागितलं होतं," ते म्हणाले. त्यांचं मराठी साधं, गोव्याकडच्या हेलाचं.

"हो सर. वेळ संपली. एकच बसत होतं."

"मग हेच का?"

केतकीने सारवासारव केली नाही. "वेगाचं मी तुम्हाला कधीही वाजवून दाखवेन, सर. पण या सगळ्या जणी पुन्हा अशा एकत्र बसून ऐकतील की नाही, काय माहीत."

ते गजरेवाल्या घोळक्याकडे बघत राहिले. शकुंतलाबाई युफोनियमवाल्याला चकली खायला घालत होत्या.

"माझ्याकडं सोळा जण आहेत," ते शेवटी म्हणाले. "सगळे वाचून वाजवतात. पहिल्या फटक्यात, बिनचूक. त्यांना तू कुणाच्या मागं बसवशील?"

"आधी त्यांच्या घरी जाऊन बघते, कोण कोण गातं," केतकी म्हणाली.

"पुढच्या महिन्यात मुंबईला ये," म्हणून ते गाडीत बसले. अनंता भिंतीला टेकून उभा होता. कोठीत दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणाऱ्या या माणसाने परतताना रिक्षावाला म्हणेल ते भाडं कबूल केलं.

रविवार

सकाळी वहिनींनी खिचडी आणि खट्टा केला. खट्टा म्हणजे चिंच, तीळ आणि कांद्याचं आंबटगोड सार, खिचडीवर ओतून खायचं. आपल्याकडं खिचडी आजाऱ्याला देतात, इथं सणासारखी खातात. मी तीनदा घेतली.

पेढे घेऊन बायका आल्या. कौतुक झालं, दृष्ट काढून झाली. मुंबईत राहायचं कुठं, जेवायचं कुठं, यावर प्रत्येकीने आपल्या नातेवाइकांची नावं सुचवली. मग कमलाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मग गुरुवारी पेटी कोण वाजवायचं?"

आनंदात हे कुणाच्या, केतकीच्याही, मनात आलं नव्हतं. पुण्याची सून हळूच म्हणाली, "मी वाजवते थोडी, पण फक्त काळी एकमध्ये." शकुंतलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कमलाबाई पेढ्याचा तुकडा बोटांत कुस्करत बसल्या होत्या, आणि शनिवारी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मावळायला लागलं होतं.

"मी येईन," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं गेलं मला माहीत नाही. मिरजेत माझी वाट बघणारं तसं कोण आहे? शाळा संपली, कुंड्या शेजारीण घेईल.

केतकी उठून माझ्यासमोर येऊन बसली. "खरंच येशील, आत्या? पण एक अट आहे. जिची जी पट्टी, तीच धरायची. एकीलाही दुरुस्त करायचं नाही."

बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना माझा स्वभाव एव्हाना कळला होता.

मी हो म्हणाले. मिरजेला आले ती सामान बांधायला, आणि हे लिहून झालं की पेटी बांधायची आहे. दिलेला शब्द किती गुरुवार पाळला जाईल ते दत्तमहाराजांनाच ठाऊक. कमलाबाईंच्या ओळीला मात्र मी थांबणार आहे.